यादीतले नाव



निवडणूक जवळ आली की शाळेत किंवा चावडीवर मतदारांची यादी लागते. पुरुषमंडळी बोट फिरवून आपला नंबर पाहतात आणि जाताजाता 'आमच्या घरच्यांचं' नाव आहे का तेही पाहून घेतात. त्या कागदावर बाईचे नाव असते, वय असते, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव असते. आज आपल्याला त्यात काही नवल वाटत नाही. पण हे एक नाव त्या कागदावर यावे म्हणून पुष्कळ माणसे झिजली, आणि ते लिहून घेतेवेळी सरकारची मोठी पंचाईतही झाली. ती हकिगत ऐकण्याजोगी आहे. तिच्या जोडीने हेही पाहायचे आहे की एका यादीत नाव आले, तरी आणखी किती वह्यांत ते यायचे राहिले आहे.

बायकांना मत असावे ही गोष्ट जगात कुठेही आपोआप झालेली नाही. न्यूझीलंड देशाने ते पहिल्यांदा दिले, १८९३ साली. ज्या इंग्लंडचे आपल्यावर राज्य होते, तिथे १९१८ मध्ये मत मिळाले ते तिशी ओलांडलेल्या आणि घरादाराची अट पुरी करणाऱ्या बायकांना. पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ उजाडले. अमेरिकेत १९२० साल. फ्रान्सच्या बायकांनी पहिले मत टाकले १९४५ मध्ये. आणि स्वित्झर्लंड, म्हणजे ज्याचे घड्याळ कधी चुकत नाही म्हणतात तो देश, त्याने देशाच्या निवडणुकीत बायकांना मत दिले १९७१ साली. तोवर आपल्या कळमनुरी-वसमतच्या बायका लोकसभेच्या चार निवडणुकांत मत टाकून मोकळ्या झाल्या होत्या!

आपल्याकडे या मागणीला सुरुवात झाली ती इंग्रजी मुलखात. १९१७ च्या डिसेंबरात भारतमंत्री माँटेग्यूसाहेब मद्रासला आले, तेव्हा सरोजिनी नायडूंच्या पुढारपणाखाली बायकांचे एक शिष्टमंडळ त्यांना भेटले आणि कारभारात बायकांनाही मत द्या म्हणाले. नेमलेल्या समितीने सांगितले की अजून वेळ आलेली नाही. मग १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन या दोघी थेट लंडनला गेल्या आणि तिथल्या सभांतून त्यांनी हा प्रश्न मांडला. इकडे पुण्यात रमाबाई रानडे यांनी बायकांना एकत्र करून चळवळ चालवली. १९१९ च्या कायद्याने हा निकाल प्रांतांवर सोपवला होता. मद्रास आणि मुंबई या प्रांतांनी १९२१ मध्ये बायकांना मत दिले.

पण हे मत कुणाला? ज्याच्या नावावर मिळकत, जो सरकारला पट्टी भरतो, त्याला. बायकांच्या नावावर मिळकत होतीच किती? १९३५ च्या कायद्याने दार थोडे उघडले. लिहितावाचता येणारी बाई किंवा मिळकतदाराची बायको यांनाही त्यात जागा मिळाली. म्हणजे नवऱ्याकडे जमीनजुमला असला तर बायको शहाणी, नसला तर नाही, असा तो हिशेब होता. शेतात मजुरी करणारी बाई या हिशेबात कुठेच बसत नव्हती.

आता आपल्या भागाकडे या. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता आणि परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. इथे गावच्या साध्या माणसाला, मग तो बाप्या असो की बाई, राज्यकारभारात काही बोलण्याची सोयच नव्हती. ते राज्य जावे म्हणून जे लढले त्यांत बायकाही होत्या. जालना भागातल्या दगडाबाई शेळके यांचे नाव मराठवाड्यात आजही सांगतात. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, २६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली, आणि तिच्या ३२६ व्या कलमाने एकवीस वर्षांच्या प्रत्येक माणसाला मत दिले. १९८९ पासून ही वयाची अट अठरा वर्षांची झाली.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. इंग्लंडात पुरुषांना आधी मत मिळाले आणि बायकांनी ते मागून घेतले, भांडून घेतले, तुरुंगात जाऊन घेतले. आपल्या खेड्यांत तसे झाले नाही. औंढ्याच्या किंवा सेनगावच्या शिवारातल्या कुणब्याला, मजुराला आणि त्याच्या घरधनिणीला मत मिळाले ते एकाच दिवशी, एकाच कलमाने. कुणी कुणाला दिले नाही. तेव्हा 'आम्ही बायकांना हक्क दिला' असे इथल्या कुणा पुरुषाने म्हणू नये.

मत मिळाले खरे, पण मतदाराची नोंद कशी करायची? १९५० च्या मार्चमध्ये सुकुमार सेन नावाचे एक बंगाली अधिकारी देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. त्यांच्यापुढचा पसारा पाहा. सतरा कोटी बत्तीस लाखांच्या आसपास मतदार, त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नाही. म्हणून प्रत्येक पक्षाला चिन्ह दिले: बैलजोडी, झोपडी, झाड. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले. कागदावर शिक्का मारायचा नाही की रेघ ओढायची नाही. आडोशामागे जायचे आणि आपल्याला हव्या त्या पेटीत कागद टाकून यायचे. एकाने दोनदा टाकू नये म्हणून बोटाला शाई. पुरुषांच्या रांगेत उभे राहायला बायका संकोचतील, म्हणून देशभर २७,५२७ मतदान कक्ष केवळ बायकांसाठी ठेवले. ही निवडणूक १९५१ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि १९५२ च्या फेब्रुवारीत संपली.

एवढे सगळे नीट बसवले, आणि गाडी अडली ती नावापाशी.

घरोघर याद्या करणारे लोक हिंडले. दारात जाऊन विचारावे, 'बाई, तुमचे नाव काय?' तर आतून उत्तर यावे, अमक्याची बायको, तमक्याची आई. परक्या माणसाला आपले नाव सांगणे बऱ्याच बायकांना मर्यादेचा भंग वाटे. लिहिणाऱ्यांनीही तसेच लिहून टाकले. सेन यांनी ते पाहिले आणि हुकूम काढला की अशी नोंद चालणार नाही. मतदार म्हणजे नावाचा माणूस. नाव सांगा म्हणून बायकांना समजवा, पुन्हा विचारा. बिहारसाठी तर त्यांनी एक महिन्याची मुदतही वाढवून दिली. पुष्कळ बायकांनी मग नावे सांगितली. ज्यांनी शेवटपर्यंत सांगितली नाहीत त्यांना यादीतून वगळण्यात आले. देशात तेव्हा बायका मतदार सुमारे आठ कोटी. त्यांतल्या जवळजवळ अठ्ठावीस लाख अशा गळाल्या.

कोणी म्हणेल, हा केवढा अन्याय! बाईला मत द्यायचे आणि रीत पाळली म्हणून काढून घ्यायचे. मलाही प्रथम तसेच वाटते. पण थोडे थांबून विचार केला तर पटते की सेन यांनी दुसरे काही केले असते तर ते जास्त वाईट झाले असते. 'अमक्याची बायको' म्हणून मत मान्य केले, तर ते मत अमक्याचेच झाले. उद्या त्याने दुसरी केली तर मतदार कोण? तो वारला तर काय? नोंदीला नाव लागते आणि ते ज्याचे त्याचे लागते. दुसरी निवडणूक १९५७ मध्ये झाली, तोवर या बाबतीत बरीच सुधारणा झाली होती.

गळालेली ही नावे मुख्यत्वे बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, विंध्य प्रदेश, राजस्थान या बाजूची. म्हणून आपण हसू नये. आपल्याकडची रीत काय होती ते आठवा. नवऱ्याचे नाव तोंडाने उच्चारायचे नाही. घ्यायचेच तर उखाण्यात गुंफून घ्यायचे, तेही सगळ्यांनी अडवून धरल्यावर. काही घरांत लग्नाच्या दिवशी नवरामुलगा ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचे नवे नाव लिहितो, आणि माहेरचे वीस वर्षांचे नाव त्या ताटात संपते. मग पहिले लेकरू झाले की ती त्याची आई होते. म्हातारपणी कुणी खरे नाव विचारले तर क्षणभर तिलाच आठवावे लागते.

आणि या भागाला तर नावाचे एक फार जुने उदाहरण आहे. नर्सी हे आपल्या हिंगोली तालुक्यातले गाव नामदेव महाराजांचे जन्मस्थान मानतात. त्यांच्या घरी राबणारी जनाबाई गंगाखेडची. दळण, कांडण, पाणी, शेणी ही तिची कामे. सातशे वर्षांपूर्वीच्या या बाईने अभंग केले आणि त्यांच्या शेवटी स्वतःचे नाव घातले. स्वतःला ती नामदेवांची दासी म्हणते, हे खरे. पण दासी कोण, तर जनी. ज्या काळात जमीनदाराच्या बायकोचेही नाव कुठल्या कागदावर येत नसे, त्या काळातले हे एका मोलकरणीचे नाव आपल्याला अजून तोंडपाठ आहे. शाळेत जनाबाई शिकवताना गुरुजींनी एवढे जरूर दाखवावे.

असो. यादीत नाव आले, पुढे काय झाले? बायका मत देऊ लागल्या, आणि वाढत्या संख्येने देऊ लागल्या. २०१९ च्या लोकसभेला देशात बायकांच्या मतदानाचे प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित पुढे गेले. २०२४ लाही तसेच झाले. निवडून येण्यात मात्र तशी चाल नाही: २०२४ मध्ये लोकसभेच्या ५४३ जागांवर बायका आल्या ७४. आपल्या हिंगोली मतदारसंघाने सूर्यकांता पाटील यांना १९९८ मध्ये आणि २००४ मध्ये दिल्लीला पाठवले, त्या केंद्रात राज्यमंत्रीही झाल्या. पण अशी उदाहरणे बोटांवर मोजावी लागतात. लोकसभेत आणि विधानसभेत एकतृतीयांश जागा बायकांसाठी ठेवणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली. ती लागू करण्याचे नव्या जनगणनेवर आणि मतदारसंघांच्या फेररचनेवर ठेवले गेले.

गावपातळीवर पाऊल अधिक पडले आहे. महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक संस्थांत बायकांना तीस टक्के जागा दिल्या, १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने देशभर एकतृतीयांश झाल्या, आणि २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या. सरपंचबाईच्या खुर्चीवर तिचा मालक बसतो आणि सही तेवढी तिची असते, हे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यावर हसणे सोपे. पण पाच वर्षे नुसत्या सह्या करता करता कागद वाचायला शिकलेल्या बायकाही कमी नाहीत. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असे कायद्यातच आहे. ती आपल्या गावी होते की वहीत उरकतात, एवढे बायकांनी एकदा विचारून पाहावे.

बायकांच्या मताची खरी ताकद पाहायची असेल तर दारूच्या दुकानाची निवडणूक पाहावी. लोक तिला 'उभी बाटली, आडवी बाटली' म्हणतात. गावातले परवान्याचे दारू दुकान बंद करायचे असेल तर गावच्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज करायचा. सह्या तपासल्या जातात, मग गुप्त मतदान. कागदावर दोन चित्रे: दुकान राहावे तर उभी बाटली, जावे तर आडवी. घरी कुणी काहीही सांगितलेले असो, पडद्यामागे बाई आणि बाटली दोघीच असतात.

पण इथे एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. बंदी होण्यासाठी पन्नास टक्क्यांहून जास्त मते लागतात, आणि ते पन्नास टक्के मोजतात यादीतल्या एकूण महिला मतदारांवर, त्या दिवशी आलेल्यांवर नव्हे. समजा गावच्या यादीत आठशे बायका आहेत. म्हणजे आडव्या बाटलीला चारशे एक मते हवीत. आता त्या आठशेंत काही वारलेल्या, काही मुली लग्न होऊन सासरी गेलेल्या, काही ऊसतोडीला किंवा कामाला परमुलखी गेलेल्या. अशा एकशेवीस निघाल्या तर उरल्या सहाशेऐंशी, आणि त्यांतूनच चारशे एक जमवायच्या. न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूची धरली जाते म्हणा ना! तेव्हा बाटली आडवी करायची तर आधी यादी साफ करावी लागते.

यादी साफ करणे अवघड नाही. आपल्या मतदान केंद्राचा बीएलओ ठरलेला असतो. पुष्कळ ठिकाणी शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीची ताईच ते काम करते. नवे नाव घालायला नमुना ६. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या पत्त्यावरून सासरच्या पत्त्यावर आणायला, किंवा नावातली चूक दुरुस्त करायला नमुना ८. (घरपट्टीचाही एक नमुना ८ ग्रामपंचायतीत असतो, तो वेगळा, दोहोंचा घोटाळा करू नये.) पूर्वी वयासाठी फक्त १ जानेवारी धरत, आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही धरतात. घरात सून आली की रेशनकार्डात तिचे नाव आपण लगेच घालतो. त्याच हाताने हेही करावे.

आता दुसऱ्या वह्या. हिंगोली-वसमत म्हणजे हळदीचा मुलूख. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. बेणे लावण्यापासून खुरपणी, काढणी, शिजवणे, वाळवणे, निवडणे, सगळीकडे बाईचा हात. पण पोती बाजारात काट्यावर चढली की पावती कुणाच्या नावाने फाटते? ज्याच्या नावाचा सातबारा आहे त्याच्या. पीककर्ज सातबाऱ्यावर, विमा सातबाऱ्यावर, नुकसानीचे अनुदान सातबाऱ्यावर. बाई बारा महिने शेतात असते आणि सातबाऱ्यात नसते. घरचा माणूस गेला की हे एकदम उघडे पडते. आधी तलाठ्याकडे वारसनोंद, मग फेरफार, आणि तोवर बँकही थांबते, सोसायटीही थांबते.

यावर उपाय सुचवलेले आहेत. शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला बायकांचे मोठे अधिवेशन भरवले. पुढे शरद जोशी यांनी शेतकऱ्यांना आवाहन केले की आपखुशीने थोडी तरी जमीन बायकोच्या नावे करा. त्या कार्यक्रमाला लक्ष्मीमुक्ती म्हणत. १९९२ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही त्याच नावाची योजना काढून सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचे नाव लावण्याची वाट सोपी केली. तलाठी कचेरीत विचारायला काही पैसे पडत नाहीत.

लेकींचे काय? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या वाट्यात हिस्सा दिला, पण वडिलोपार्जित जमिनीत मुलगा जसा जन्मतः भागीदार, तशी मुलगी नव्हती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये ते दिले, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशाच्या कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी मुलाइतकीच वारस झाली. बाप त्या तारखेला जिवंत हवा की नको, यावर कोर्टात बराच घोळ झाला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला सांगून टाकले की हक्क जन्माने आहे, बाप त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही.

कायदा झाला, आणि त्याच्याबरोबर हक्कसोडपत्रांची रांगही लागली. बाप गेल्यावर वर्षाच्या आत भाऊ बहिणीला बोलावतो, 'ताई, जरा तालुक्याला जाऊन यायचं आहे.' ताई जाते, दुय्यम निबंधकापुढे सही करते, घरी येताना साडी घेते. सही केली नाही तर दिवाळीला माहेर तुटेल, ही तिची भीती. ती भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. भावाचीही बाजू असते. तीन एकर कोरडवाहूचे तीन तुकडे करून कुणाचे पोट भरणार? पण एवढे लक्षात ठेवा, की नोंदणी झालेले हक्कसोडपत्र सहजासहजी मोडता येत नाही. सही करण्याआधी ताईने कागद घरी नेऊन वाचून घ्यावा, किती गटांतली किती जमीन सुटते आहे ते पाहावे, हवे तर सगळा नको, थोडा हिस्सा ठेवावा. नवऱ्याने टाकलेल्या किंवा विधवा झालेल्या कितीतरी बहिणी माहेरी परततात तेव्हा त्यांच्याजवळ ती साडी उरलेली असते. वर्गात सातवी-आठवीला भूगोलाच्या तासाला सातबारा वाचायला शिकवला, तर या मुली पुढे कागद न वाचता सही करणार नाहीत. शिक्षकांना हे करायला वेगळा हुकूम लागू नये.

घराचे तर आणखी सोपे आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घर नवराबायको दोघांच्या नावे लावता येते. घरकुल योजनेतही बाईचे नाव पाहतात. तिला दाराबाहेर काढणे मग तितके सोपे राहत नाही.

राहता राहिली शाळेची वही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये ठरवले की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाचे नाव सरकारी कागदांत लिहिताना आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव असे लिहायचे. आईचे नाव वेगळ्या रकान्यात कोपऱ्यात नाही, तर नावाच्या आतच. ही लेकरे २०३० च्या जूनमध्ये पहिलीत येऊन बसतील. तोवर गुरुजींनी हजेरीपटाचा नावाचा रकाना थोडा रुंद आखायला सुरुवात करावी.